पायाळूचा पाय आणि पोरीचा गुडघा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोकं आधी यायचं, ते सोडून मी पाय पुढे करून आले. सुईणीनं कपाळाला हात लावला होता म्हणे. आम्ही दोघी मायलेकी कशाबशा वाचलो, आणि वाचलो म्हणून गावानं माझ्या पायांना औषध ठरवून टाकलं. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की माणूस आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, येऊन पालथा पडणार आणि मी त्याच्या दुखऱ्या जागेवर उजव्या पायाचा तळवा टेकवणार. सात वेळा. रविवारी आणि बुधवारी, सकाळी, काही न खाता. पाच वर्षांची असल्यापासून हे करत आले. बदल्यात कुणी मूठभर पोहे द्यायचं, कुणी बोडीतले, म्हणजे तळ्यातले, चार शिंगाडे. बरेचदा तेही नाही. गरज सरो नि वैद्य मरो.

आईनं मला याचा एकच नियम शिकवला होता. मोठ्या माणसांच्या पाठीवर पाय द्यायला लहानपणी मजा वाटायची, म्हणून एकदा मी एका काकाजींच्या पाठीवर चांगली उडीच मारली. आईनं तिथल्या तिथे धपाटा घातला. "पाय टेकवाचा असते, दाबाचा नसते. दाबनं थे वैदाचं काम, तुहं नोहे." काकाजी कण्हत उठले आणि तरी म्हणाले, बरं वाटलं. लोकांचं हे असं.

आता कुणी विचारेल, बाई, तू बारावीपर्यंत शिकलेली, तुझा यावर विश्वास होता का? होता. खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं माणसं तुमच्यासमोर पालथी पडतात आणि उठताना हात जोडतात, तेव्हा आपल्या पायात काहीतरी आहे असं कुणालाही वाटेल. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. लग्न होऊन नवेगाव बांधच्या अलीकडच्या गावात आले, तर माझ्या आधी माझी कीर्ती पोचलेली. नवरा मित्रांना सांगायचा, "म्या बायको नाई आनली, दवाखाना आनला." मी वरवर रागवायचे. आतून बरं वाटायचं.

आम्हाला एकच मुलगी. ती सरळ जन्मली, डोक्याकडून. पण पायांचं वेड तिलाही होतं, ते पळण्याचं. आठवीत असताना आम्ही कोहमाऱ्याच्या चौकात बसची वाट पाहत उभे होतो. एक भलामोठा ट्रक रस्ता अडवून उभा होता आणि ड्रायव्हर खुशाल धाब्यावर चहा पीत होता. तेवढ्यात जीपमधून एक पोलीस बाई उतरली. ओरडली नाही, शिवी दिली नाही. नुसतं बोट दाखवलं. ड्रायव्हर कप टाकून धावला आणि ट्रक मागे गेला. माझी पोरगी बस आली तरी त्या बाईकडेच पाहत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "माय, मले असंच बोट दाखवाचं हाये." आम्ही हसलो. ती हसली नाही.

त्यानंतर दहा वर्षं ती पळत होती. आमच्याकडे धानाला पाणी देणारा नहर आहे आणि नहराच्या काठानं मुरमाचा रस्ता आहे, दोन किलोमीटर सूतभरही वाकत नाही. उजाडायच्या सुमारास ती त्या रस्त्यावर असायची. बाप मोटारसायकलवर मागून, हातात मोबाइल, वेळ मोजत. पोलीस भरतीत पोरींना आठशे मीटर पळायचं असतं. एकदा तिचे फक्त दोन गुण हुकले होते. दुसऱ्यांदा भरती निघाली नाही म्हणून वर्ष गेलं, मग आणखी एक गेलं. नातेवाईक स्थळं घेऊन यायचे आणि ती सरळ सांगायची, "वर्दी घालतो, मंग पाहू." तिच्या आयुष्यात दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं. मीही ठेवू दिलं नाही, मलाही ती वर्दी हवी होती.

पुढच्या भरतीची जाहिरात निघाली ती ऐन रोवणीत. आम्ही बाया बांधीत, म्हणजे खाचरात, ओळीनं वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत होतो. पोटरीभर गाळ. पोरगी कडेच्या उंच धुऱ्यावरून पऱ्ह्याच्या पेंड्या आणून आमच्या मागे टाकत होती. माझा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत कमरेला बांधलेला. तिच्या मैत्रिणीचा फोन आला, तो मी घेतला, आणि बांधीच्या या टोकावरून त्या टोकाला जीव खाऊन ओरडले, "अवं, निघाली! जाहिरात निघाली!"

ती गर्रकन वळली. म्हणजे बाकी सगळी ती वळली. उजवा पाय गाळात रुतला होता, तो तिथंच राहिला.

आवाज मी ऐकला नाही, मी लांब होते. तिच्याजवळ वाकलेल्या बाईनं नंतर सांगितलं, ओली काडी मोडावी तसं झालं. पोरगी चिखलात बसली आणि आधी हसलीच. "माय, तुह्या हाकेनं काहीतरी तुटलं वं माह्या पायात." मग तिनं उठायचा प्रयत्न केला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. घरी नेईपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा झाला होता.

नवरा दुसऱ्यांच्या बांध्यांत ट्रॅक्टरनं चिखल करायला गेला होता. संध्याकाळी आला, गुडघा पाहिला आणि म्हणाला, "उद्या गोंदियाले नेऊ. फोटो काढू."

मी म्हटलं, "मोच हाये. मी हावो ना घरात."

"पाठीचं येगळं असते, गुडघ्याचं येगळं."

"मले नका शिकवू," मी म्हणाले. "चाळीस वर्षं का मी गवत उपटून राहिली का?"

दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टर घेऊन कामावर गेला. रोवणीचे दिवस, ट्रॅक्टर दहा जणांना कबूल केलेला, आणि माझं तोंड हे असं. त्या एका वाक्यासाठी मी स्वतःला किती शिव्या दिल्या आहेत, ते मोजलं नाही.

मग मी माझं औषध सुरू केलं. आंबेहळदीचा लेप, गरम विटेचा शेक, आणि रविवारी-बुधवारी पाय. टेकवायचे नुसता, आईनं सांगितल्यासारखा. तीन आठवड्यांत सूज उतरली. पोळ्याला ती लंगडत का होईना पण बैल पाहायला गेली. दसऱ्याला नहराच्या रस्त्यावर पळायला लागली. सरळ पळताना काहीच दुखत नव्हतं तिला. बापाच्या मोबाइलमध्ये वेळही पहिल्यासारखी येत होती. गावात बोलबाला झाला की पायाळूनं गुडघा बसवला. मी पण नाही म्हटलं नाही. सूज आपोआप उतरणारच होती, आतलं रक्त शरीर आपणच शोषून घेतं, हे मला फार पुढे कळलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, आणि मी कावळ्याचा पराक्रम सांगत हिंडत होते.

पण एक गोष्ट होती. नहराच्या रस्त्याच्या टोकाला गेली की ती पूर्वी भिंगरीसारखी फिरून परत पळायची. आता थांबायची, लहान लहान पावलं टाकत वळायची आणि मग पुन्हा पळायला लागायची. मी ते रोज पाहत होते. थकली असेल, दम घेत असेल, असं समजत होते.

मग एकदा नळावरून पाण्यानं भरलेला गुंड घेऊन वळताना पडली. एकदा सपरीच्या पायरीवरून उतरताना. एकदा नुसती कोंबडीमागे धावताना. "गुडघा सटकते, माय," ती म्हणाली. "हाड जागेवरून उतरते नि परत चढते, असं वाटते." नवरा पुन्हा म्हणाला, डॉक्टर. यावेळी मी काही बोलायच्या आधी तीच बोलली. "ग्राउंड होऊ द्या बाबा. आता गेलं तर डॉक्टर म्हनन पळू नको. मंग?" तिचाही वाटा होता यात, हे मी लिहिते आहे. पण ती चोवीस वर्षांची होती आणि घाबरलेली होती. मी तिची आई होते.

मैदानी चाचणीची तारीख आली. पंधरा दिवस उरले होते. बुधवारची सकाळ होती. मी मनाशी ठरवलं की माझा पाय कमी पडतो आहे. पाठीला टेकवून भागतं, गुडघ्याचं हाड जाड, त्याला जोर लागणार. हे कुठून आलं माझ्या डोक्यात, देव जाणे. कुणी शिकवलं नव्हतं. उलट शिकवलं होतं ते नेमकं याच्या विरुद्ध होतं.

तिला चटईवर पालथं झोपवलं. गुडघा वाकवून घेतला. मी सपरीचा खांब धरला, टाच तिच्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला ठेवली आणि अंगाचा भार दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी आतून काहीतरी खचकन् झालं. मला ते टाचेत कळलं.

ती किंचाळली. तिला लहानपणी विंचू चावला होता तेव्हाही ती अशी ओरडली नव्हती. गुडघा अर्धा वाकलेला तसाच अडकला, ना सरळ होईना, ना पुरता वाके. मी घाबरून घोटा धरला आणि हिसका दिला. मग पिळून पुन्हा हिसका दिला. खट् झालं आणि पाय सरळ झाला. तिचं तोंड चटईत. बऱ्याच वेळानं तिनं हळूच पाय हलवला, दोनदा, तीनदा, आणि म्हणाली, "आता बरं वाटते, माय."

मला वाटलं, बसलं हाड! मी देवापुढे नारळ फोडला. त्या नारळाचं खोबरं सगळ्यांना वाटलं, तिलाही दिलं.

गोंदियाच्या मैदानावर त्या दिवशी थंडी होती. पोरींच्या छातीवर नंबर लावलेले. आम्ही आईबाप लोक जाळीबाहेर. मैदान पाहून माझ्या नवऱ्यानं माझा दंड धरला. "अवं, हे तं गोल हाये," तो म्हणाला. मी म्हटलं, मग काय चौकोनी असन का? त्याला काय म्हणायचं होतं ते मला दोन मिनिटांनी कळलं. आमची पोर दसऱ्यापासून फक्त सरळ रस्त्यावर पळत होती. मैदानाला वळणं होती, एका फेरीत दोन, दोन फेऱ्यांत चार.

पहिलं वळण तिनं लांबून घेतलं, बैलबंडी वळवतात तसं, आणि मागे पडली. सरळ आल्यावर तिघींना मागे टाकलं. दुसरं वळण पुन्हा लांबून. तिसऱ्या वळणाला तिला कळलं असणार की असं करून वेळ पुरणार नाही. ती आतल्या रेषेला धरून पळायला लागली. नवरा पुटपुटत होता, "नोको, नोको, नोको."

ती पडली तेव्हा तिला कुणाचाही धक्का लागला नव्हता. चालत्या माणसाच्या पायाखालची जमीन काढून घ्यावी तशी पडली. उठली. पाय टेकवला आणि परत पडली. गुडघा पुन्हा अर्ध्यात अडकला होता, माझ्या चटईवर अडकला होता तसाच. बाकीच्या पोरी तिच्या बाजूनं पुढे गेल्या. मग एक वर्दीतली बाई धावत आली, तिनं तिला काखेत धरलं आणि जवळजवळ उचलूनच कडेला आणलं. जिच्यासारखं व्हायला ती दहा वर्षं पळत होती, तशीच एक बाई. पोरगी तिच्या खांद्यावर डोकं टाकून रडत होती आणि ती बाई म्हणत होती, "होतं गं, होतं." मी जाळीला धरून उभी होते आणि माझ्या उजव्या पायाकडे पाहत होते.

गोंदियातल्याच एका दवाखान्यात हाडांचे डॉक्टर होते, तिथे तसंच नेलं. तरणा डॉक्टर, अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलणारा. त्यांनी इंजेक्शन देऊन, हळू हळू, अर्धा तास घेऊन गुडघा सोडवला. मग तिला उताणं निजवलं, गुडघा वाकवला, तिच्या पावलावर स्वतः अलगद बसले आणि दोन्ही हातांनी नडगी पुढे ओढली. ती पुढे आली. कातडीखाली हाड सरकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी दुसरा, चांगला पाय तसाच ओढून दाखवला. तो जागचा हलला नाही.

"लोगों को लगता है, घुटना मतलब दरवाज़े का कब्जा," ते म्हणाले. "बिजागरीसारखं नसते माताजी. गुडघा वाकतो, आणि वाकता-वाकता थोडा फिरतोही." त्यांनी एका बोटावर दुसरं बोट चढवून दाखवलं. आत अशा दोन दोऱ्या एकमेकींवरून जातात. पुढची दोरी नडगीला पुढे सरकू देत नाही आणि जास्त फिरू देत नाही. पाय चिखलात पक्का, वरची मांडी फिरली, सगळा पीळ त्या दोरीवर आला, तुटली. सरळ पळताना तिची फारशी गरज पडत नाही, म्हणून माणसाला वाटतं बरं झालं. वळलं की कळतं. मी मान हलवत होते. मला सगळं समजत होतं, आणि नसतं समजलं तर बरं झालं असतं.

पुढे मशीनमध्ये घालून काढलेली चित्रं आली. डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. "दोरी तो पुरानी टूटी है," ते म्हणाले. "पण गादी पण फाटली आहे. दोन हाडांच्या मधली गादी. मोठा तुकडा उलटून मधी अडकतो, म्हणून पाय लॉक होतो." मग पोरीकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "किसी ने मालिश-वालिश की थी क्या? खींचा, दबाया, कुछ?"

मी उजवा पाय मागे ओढून घेतला.

पोरीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "नहीं सर," ती म्हणाली. "किसी ने नहीं."

ऑपरेशन मोठ्या शहरात झालं, सरकारी योजनेतून. तिथल्या डॉक्टरांनी आधी समजावलं की तुटलेली दोरी शिवत नाहीत. मांडीच्या मागच्या बाजूच्या, तिच्याच अंगातल्या, स्नायूंच्या टोकाच्या चिवट शिरा काढायच्या, त्यांची दुहेरी-चौहेरी दोरी वळायची, दोन्ही हाडांत बोगदे पाडायचे, दोरी त्यातून ओवायची आणि स्क्रूनं पक्की करायची. गादीचं मात्र आत गेल्यावर कळेल. शिवता आली तर शिवू, नाहीतर फाटलेली काढावी लागेल. मी सही केली. नवऱ्यानं केली. पोरीनं पण केली, तिची सही मोठी सुंदर आहे, वर्दीला शोभेल म्हणून तिनं ती घटवून घेतली होती.

तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. दोरी छान बसली म्हणाले. मग मोबाइलवर एक फोटो दाखवला. स्टीलच्या वाटीत पांढरे तुकडे, खोबऱ्याच्या किसासारखे. "गादी वाचली नाही. पुरी चिंधी झाली होती."

"सुरुवातीला आणलं असतं तर?" नवऱ्यानं विचारलं. मी विचारणार नव्हते.

"तर बहुतेक नुसती दोरीच करावी लागली असती."

मी बाकावर बसले. नवरा माझ्याशेजारी बसला. त्यानं मला आजपर्यंत बोल लावलेला नाही. एकदा तरी बोलला असता, ओरडला असता, तर मी त्याच्या पाया पडले असते.

घरी आणल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. मांडी हाताच्या मुठीत मावेल इतकी बारीक झालेली. गुडघ्याला पट्टा. रोजचे व्यायाम एका कागदावर लिहून दिलेले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि तिनं गुडघा खाली दाबायचा, दहा मोजेपर्यंत. टाच ओढत आणायची. तिला एकटीला जमत नसे, मदत मी करायचे. ती दात खाऊन करायची, घामानं ओली व्हायची, पण हूं की चूं नाही. पण एकदा मी खाटेवर तिच्या पायथ्याशी चढायला गेले आणि माझा पाय तिच्या गुडघ्याजवळ टेकला. नुसता जवळ. तिचं सगळं अंग आकसलं, पाय तिनं झटक्यात ओढून घेतला आणि त्या ओढण्यानंच तिला कळ आली. "काही नाई, काही नाई," ती लगेच म्हणाली. मी खाटेवरून उतरले. त्या दिवसापासून तिच्या खाटेजवळ जाताना मी खाली जमिनीवर बसते.

नऊ महिन्यांनी पुन्हा मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय वाकवला, ओढला, नडगी जागची हलली नाही. फार खूश झाले. पोरीनं विचारलं, "सर, पळू?" ते खुर्चीत मागे टेकले. चाल, म्हणाले, सायकल चालव, घरचं सगळं काम कर. थोडं पळशीलही. पण रोज पळायची, परेडची, उभं राहायची नोकरी या गुडघ्याकडून करून घेऊ नको. गादी नाही, हाडावर हाड घासेल, पस्तिशीत म्हातारीचा गुडघा होईल. चिखलात तर उतरायचंच नाही.

ती "बरं" म्हणाली. एवढंच. दहा वर्षं पळत होती आणि एका "बरं"मध्ये संपलं.

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "डॉक्टर, म्या दाबलं होतं. माह्या पायानं. गादी म्या फाडली." सगळं सांगितलं, पायाळू, बुधवार, टाच, हिसका. कुंपणानंच शेत खाल्लं, साहेब. डॉक्टरांनी फाईलकडे पाहिलं, मग खिडकीकडे. दोरी तुटलेल्या गुडघ्यात गादी आपणहूनही फाटते, आई, असं काहीतरी ते म्हणाले. नक्की कशानं फाटली ते कुणी सांगू शकत नाही. बिचारे भले माणूस होते.

परतीच्या बसमध्ये पोरगी खिडकीशी बसली. साकोली गेल्यावर एकदम म्हणाली, "कायले सांगतलं तू?"

"खरं होतं म्हनून."

"मले काय माहीत नोहतं का? माह्याच गुडघ्यात आवाज झाला होता ना." तिचा आवाज चढला, पुढच्या सीटवरची बाई वळून पाहायला लागली. "मी नाई म्हनलो होतो त्या डॉक्टरले. तुह्यासाठी म्हनलो होतो. आता थे पन गेलं." मग ती खिडकीकडे तोंड करून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. हिंमतच झाली नाही.

यंदा रोवणीला ती धुऱ्यावर बसून होती. बाया बांधीत, ती वर, पाय लांब करून. नवी भरती निघाल्याचा फोन तिला तिथेच आला. तिनं ऐकून घेतला आणि मैत्रिणीला म्हणाली, "भर तू फॉर्म. नहराच्या रस्त्यावर नोको पळू. गोल ग्राउंड पाह्य कुठंतरी." मग उठून आमच्यासाठी चहा आणायला गेली. धुऱ्यावरून हळूहळू चालत गेली. मी पऱ्हे लावत राहिले.

मी पाय लावणं बंद केलं होतं. लोक येत आणि मी दारातूनच परत पाठवी. पायाळूचं वारं गेलं, असं गावात झालं. होऊ दे.

मागच्या रविवारी शेजारचे म्हातारे मामाजी आले. कमरेत उसण भरलेली, भिंतीला धरत धरत आले, सपरीत चटईवर आपणच पालथे पडले. मी म्हटलं, मामाजी, उठा, मी आता करत नाही, दवाखान्यात जा. "जातो ना," ते म्हणाले, "उद्या जातो. आज तू पाय लाव बाई. एक वेळ लाव." डोळ्यांत पाणी आलेलं त्यांच्या. मी खांब धरून उभी राहिले. तोच खांब, तीच चटई. पाय उचलेना माझा.

पोरगी आत भात टाकत होती. ती दारात आली, चौकटीला टेकून उभी राहिली, उजव्या पायावरचा भार काढून डाव्यावर घेत. म्हाताऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"लाव ना, माय," ती म्हणाली. "त्याहिले बरं वाटन."

मी नाही म्हणून मान हलवली.

"लाव. टेकव फक्त." मग म्हणाली, "दाबू नोको."